तात्या भीतीनं गेले नाहीत

"कोरोनानं कमी, भीतीनंच जास्त माणसं मेली. ज्यांनी मन खंबीर ठेवलं, बातम्या बघितल्या नाहीत, आशा सोडली नाही, ती वाचली." हा मेसेज साथीच्या दिवसांत घरोघर फिरला. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो परवा पुन्हा आला आणि खाली कुणीतरी लिहिलं, "आपले तात्या पण भीतीनंच गेले." तात्या माझे चुलते. मे २०२१ मध्ये मिरजेत गेले. दवाखान्यात हलवेपर्यंत मी त्यांच्याजवळ होते, म्हणून हे उत्तर.

भीतीनं माणसं मेली, हा पहिला मुद्दा. तात्या घाबरले नव्हते, हीच तर अडचण झाली. तापाच्या पाचव्या दिवशी ते सोप्यात बाजेवर बसून बशीत ओतून चहा पीत होते. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. ८७. बोट पुसून दुसऱ्याला लावला. ८६. "मशीन बिघडलंय तुझं, मला कुठं दम लागतोय?" म्हणाले. माझ्या बोटाला लावून दाखवला, ९८. तेव्हा कुठं त्यांनी बशी खाली ठेवली.

या आजारात असं पुष्कळांचं झालं. धाप लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की. तो सुरुवातीला बाहेर पडत राहतो, ऑक्सिजन मात्र गुपचूप उतरत जातो. म्हणून तर सहा मिनिटं चालून आकडा बघायला सांगत होते. भीतीनं छाती धडधडते, झोप उडते. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरतो तो विषाणूमुळं. भीतीनं नुकसान झालंच नाही असं मी म्हणणार नाही. टेस्ट केली तर दारात बांबू बांधतील, गाव वाळीत टाकेल, या धास्तीनं कितीतरी जणांनी दुखणं अंगावर काढलं. तात्यांनी मात्र ते काढलं "मन घट्ट असलं की काही होत नाही" या भरवशावर. हा भरवसा त्यांना असल्याच मेसेजांनी दिला होता.

दुसरा मुद्दा, खंबीर मनाला रोग शिवत नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई आठवा. १८९७ च्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्याहून खंबीर मन कुणाचं होतं? भावकीत कुणी म्हणेल का, की त्यांची आशा कमी पडली? आणि जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध उपयोगी ठरलं, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. ते देताना कुणी घाबरलाय की नाही हे विचारत नव्हते.

बातम्या न बघण्याबद्दल निम्मं पटतं. दिवसभर टीव्हीवर चिता बघून कुणाचं भलं झालं नाही. पण आपण कृष्णाकाठची माणसं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा रात्रीत दहादा "किती झालं?" विचारत होतो ते कशाला? जनावरं कधी सोडायची, माळ्यावर काय चढवायचं, हे ठरवायला. आकडा कळला की भीतीला हातपाय फुटतात, माणूस कामाला लागतो. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबातून रुग्णांचा आकडा पंचवीसच्या आसपास पोचला, तेव्हाही संपर्कातला माणूसन् माणूस शोधून साखळी तोडली गेली. मन खंबीर ठेवा एवढं सांगून कुणी गप्प बसलं नाही.

राहिली आशा. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच तिचा असा वापर बघवत नाही. स्नायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आशेचे घटक सांगितलेत: गाठायचं काहीतरी ठिकाण, तिथं जायच्या वाटा आणि चालायची उमेद. साथीच्या काळात प्रश्नावल्या भरून घेऊन जे अभ्यास झाले, त्यांत आशा जास्त असणाऱ्यांत घालमेल कमी आढळली. आधी काय आणि मागून काय, हे अशा पाहणीतून नक्की ठरत नाही. शिवाय मोजली ती मनाची घालमेल. आशेनं मरण टळतं असं त्यात कुठं आहे?

आमची काकी तेव्हा शाळेतल्या विलगीकरणात होती. रात्री रडायची. सकाळी फोन यायचा, "आज कितवा दिवस गं माझा? हळदीचं बेणं कुजंल, सऱ्या सोडून घे. मी आले की लावण धरू." तात्यांचा आकडा विचारायची, मग पुन्हा बेण्यावर यायची. भीती होतीच, सोबत लावणही होती. ती बरी होऊन आली. तात्यांची आशाही तिच्याएवढीच होती. मिरजेला गाडीत बसताना त्यांनीही लावणीचंच सांगितलं होतं.

काकी या ग्रुपवर आहे. "भीतीनं गेले" हे तिनं वाचलंय. ज्यांनी लिहिलंय त्यांनी ते आजच काढावं आणि तिला फोन करावा.