नाइलाज म्हणे! ('एक वाचक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

'एक वाचक' यांस,

प्रतिक्रियेबद्दल आभार. पाम पायलट या खिशात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डायरीवर मी लेख लिहिला, तिचा साधेपणा विचारपूर्वक ठरवलेला होता असं म्हटलं; त्या लेखाला आपण 'खेळण्याचं वर्षश्राद्ध' म्हणालात आणि मला 'काका'. मतभेद चालतील, पण एवढ्याशा प्रतिक्रियेतल्या चार ओळी माझ्या वयावर खर्च करायची काय गरज होती? वय ५६ आहे. कधी लपवलेलं नाही.

चूक होती ती कबूल करतो. पहिला पायलट १९९७ चा नव्हे, मार्च १९९६ चा. लेखात दुरुस्त केलं आहे.

आता आपलं ते वाक्य: "१२८ केबी मेमरीत दुसरं काही मावतच नव्हतं, नाइलाजाला तुम्ही तत्त्वज्ञान म्हणताय." टाळीचं वाक्य आहे, मान्य. पण यंत्र तयार व्हायच्या आधी पायलटचे जनक जेफ हॉकिन्स लाकडाचा ठोकळा खिशात घालून हिंडत असत. भेटीची वेळ ठरवायची झाली की ठोकळा काढून त्यावर नोंद केल्याचं सोंग करत. त्या लाकडात किती केबी होते? आधी खिसा ठरला, बाकी सगळं मागून.

आणि नाइलाजच होता, तर मेमरी वाढल्यावर तो सुटायला हवा होता ना? १९९९ च्या पाम व्हीएक्सला ८ एमबी होती, चौसष्ट पट! तरी खाली तीच चार बटणं: डायरी, पत्ते, कामांची यादी, टिपणं. यंत्र बंद असलं तरी डायरीचं बटण दाबलं की थेट आजचं पान. 'न्यू' पडद्यावर आणि 'डिलीट' मेनूत, कारण माणूस लिहितो दहादा, खोडतो एकदा. 'सेव्ह' तर नाहीच. हे कुणीतरी डोकं लावून ठरवलेलं आहे, साहेब.

उलट मायक्रोसॉफ्टची, अशाच हातातल्या यंत्रांसाठीची पॉकेट पीसी २००२ ही प्रणाली बघा. ६४ एमबीची यंत्रं मिळत होती, मेमरीची ददात नाही. तरी टेबलावरच्या विंडोजचा स्टार्ट मेनू तळहातावर आणून ठेवलेला. कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली की प्रोग्रॅम बंद होत नसे, नुसता मागे दडून बसे. खरंच बंद करायचा तर सेटिंग्ज, सिस्टीम, मेमरी अशी वारी. इथे कसला नाइलाज होता, तेवढं सांगा.

मी हे वाचून लिहीत नाही. तेव्हा मी सांगली-मिरजेत एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. डॉक्टर गाडीकडे जाता जाता "गुरुवारी दोनला या" म्हणायचे आणि ते दार लावेपर्यंत माझी नोंद झालेली असायची. बहिणीनं न्यू जर्सीहून आणलेलं पाम थ्री-ई, दोन ट्रिपल-ए सेलवर आठवडेच्या आठवडे चालायचं. आपण तेव्हा कितवीत होतात?

ग्राफिटी, म्हणजे पडद्यावर अक्षरं काढायची पामची खास लिपी, शिकावी लागायची, एका वेळी एकच प्रोग्रॅम, मराठी नव्हतं, शेवटी पाम बुडालंच, या बाकीच्या मुद्द्यांवर बोलत बसत नाही. ग्राफिटी मला दोन संध्याकाळींत आली. आणि धंदा बुडणं वेगळं, वस्तू हाताला सोयीची असणं वेगळं. एवढा फरक आपल्याला कळत असेल असं धरून चालतो.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा. आणि काकाच म्हणायचं असेल, तर निदान 'अहो काका' म्हणा.