पोलीस सर्टिफिकेट कोरं निघालं म्हणजे झालं?

परदेशातल्या शाळेत शिकवायला जायचं म्हटलं की डिग्रीच्या आधी, अनुभवाच्या आधी, कधी कधी तर इंटरव्यूच्याही आधी एकच प्रश्न येतो, पीसीसी काढलंय का. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. तुमच्या नावावर गुन्हा नाही असं तुमच्या सरकारनं लिहून दिलेला कागद. आता हे मागूच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लगेच सुरू होईल की ह्याला मुलांच्या सुरक्षेचं काही पडलेलंच नाही. मी बरीच वर्षं परदेशी शाळांत शिकवलंय आणि आता शिक्षक निवडायला टेबलाच्या पलीकडे बसतो, त्यामुळे कागद देणं आणि कागद मागणं दोन्ही बघून झालंय. आणि माझं मत असं की ह्या एका कागदावर जेवढा भार टाकलाय तेवढा तो पेलत नाही, आणि ज्यातनं खरंच काही कळलं असतं ते काम मात्र कुणालाच अंगावर घ्यायचं नसतं.

दक्षिण कोरियाचंच बघा ना. २००७ साली इंटरपोलनं एका माणसाचा फोटो जगभर प्रसिद्ध केला. लहान मुलांवर अत्याचार करतानाचे स्वतःचे फोटो ह्यानं इंटरनेटवर टाकलेले आणि चेहरा कॉम्प्युटरवर भोवऱ्यासारखा फिरवून ओळखू येणार नाही असा करून ठेवलेला, तो जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी उलटा फिरवून परत सरळ केला. माणूस निघाला ख्रिस्तोफर पॉल नील, कॅनडाचा, आणि त्या वेळी कोरियात इंग्रजी शिकवत होता. फोटो झळकल्यावर थायलंडला पळाला आणि ऑक्टोबरातच तिथे सापडला. कोरियात गदारोळ झाला, होणारच, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरापासून परदेशी भाषा शिक्षकांच्या ई-टू व्हिसाला गुन्हे नसल्याचा दाखला आणि मेडिकल तपासणी सक्तीची झाली.

आता विचार करा, हा नियम दोन वर्षं आधी असता तर नील अडकला असता का? अजिबात नाही, कारण तोवर कॅनडात त्याच्या नावावर एकही गुन्हा नव्हता. त्यानं अर्ज केला असता, कोरं सर्टिफिकेट आणलं असतं, आणि व्हिसा घेऊन त्याच वर्गात उभा राहिला असता. म्हणजे ज्या माणसामुळे नियम आला तोच त्या नियमाच्या जाळीतनं आरामात निघून गेला असता.

वर मेडिकलमध्ये एचआयव्ही घुसडलं. शिक्षकाला एचआयव्ही आहे का ह्याचा मुलांच्या सुरक्षेशी काय संबंध, कुणी मला समजावून सांगा. आणि गंमत म्हणजे हीच नोकरी करणाऱ्या कोरियन शिक्षकाला किंवा परदेशी पासपोर्टवर आलेल्या कोरियन वंशाच्या शिक्षकाला ही टेस्ट नव्हती, फक्त बाकीच्या परदेशी लोकांना. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेनं २००९ मध्ये परत टेस्ट करायला नकार दिला, तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहिलं नाही, ती थेट संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत गेली, २०१५ मध्ये समितीनं तिच्या बाजूनं निकाल दिला आणि २०१७ मध्ये कोरियानं ही टेस्ट बंद केली. एका विकृत माणसावरचा राग परदेशी दिसणाऱ्या सगळ्यांवर काढायचा आणि त्याला सुरक्षा म्हणायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पण उलटी केसही आहे आणि ती लपवून मला माझा मुद्दा पुढे रेटायचा नाहीये. विल्यम वेही. अमेरिकन, इंटरनॅशनल शाळांमधला लोकप्रिय मास्तर, चार दशकं इराण, सौदी, इंडोनेशिया, व्हेनेझुएला, लंडन असं फिरत फिरत शेवटी निकाराग्वात पोचलेला. तिथे त्यानं कामावरून काढलेल्या मोलकरणीनं त्याचा पेन ड्राइव्ह उचलला, २०१४ मध्ये तो शाळेच्या हेडपर्यंत पोचला, उघडला तर आत झोपलेल्या, बेशुद्ध मुलांचे फोटो. निदान ९० मुलं, असं एफबीआयनं सांगितलं. काही दिवसांतच त्यानं आत्महत्या केली. आणि ह्याला १९६९ मध्येच कॅलिफोर्नियात मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यासाठी शिक्षा झालेली होती! म्हणजे इथे रेकॉर्ड होतं, पण एवढ्या देशांतल्या एवढ्या शाळांपैकी कुणाच्या हाती ते लागलंच नाही. त्यामुळे सर्टिफिकेट मागा, जरूर मागा, आणि माणूस जिथला नागरिक आहे तिथलं तर मागाच मागा. फक्त हेही लक्षात ठेवा की त्याला शेवटी पकडून दिलं ते एका चोरलेल्या पेन ड्राइव्हनं.

आता ह्या कागदावर नक्की असतं काय ते बघू, कारण मागणाऱ्यांपैकी निम्म्यांना तेच माहीत नसतं. एका देशाच्या पोलिसांच्या नोंदीत अमुक तारखेपर्यंत ह्या नावावर काय आहे, बस, एवढंच. शेजारच्या देशात त्यानं काय केलं ते त्यात नाही. तक्रार झाली पण केस उभी राहिली नाही, ते बहुतेक ठिकाणी त्यात नाही. आणि प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत एफबीआयच्या कागदावर नुसती अटकसुद्धा येते, पुढे केस रद्द झाली ते बऱ्याचदा त्यात चढलेलंच नसतं, मग कॉलेजात असताना दारू पिऊन कुठेतरी दंगा केला आणि एक रात्र आत काढली तो माणूस पन्नाशीतही खुलासे लिहीत बसतो. ब्रिटनच्या सर्टिफिकेटवर काही नसेल तर ‘नो ट्रेस’ येतं, आणि जुनं किरकोळ प्रकरण मागे टाकलेलं असेल तर ‘नो लाइव्ह ट्रेस’. एका शब्दाचा फरक, पण तो वाचून दुसऱ्या देशातल्या क्लार्कच्या कपाळावर आठ्या, की हा लाइव्ह कुठून आला, आणि फाइल बाजूला. जपान तर सर्टिफिकेट बंद लिफाफ्यात देतं आणि लिफाफा तुम्ही उघडलात तर ते बाद. माझ्या एका सहकारी बाईंनी तो लिफाफा दोन देशांचे प्रवास पासपोर्टच्या पाऊचमध्ये ठेवून केले आणि प्रत्येक सिक्युरिटी चेकला त्यांचा जीव वर-खाली, की आता हा उघडा म्हणाला तर काय करू. स्वतःबद्दल काय लिहिलंय ते स्वतःलाच वाचायला बंदी.

बोटांच्या ठशांचं तर विचारूच नका. अमेरिकन माणूस तिसऱ्याच देशात राहत असेल तर एफबीआयचं छापील कार्ड घेऊन तिथल्या पोलिसांकडे जायचं. आमचे एक केमिस्ट्रीचे सर होते, त्यांच्याबरोबर मी गेलेलो. हवालदारानं कार्ड उलटसुलट करून बघितलं, असलं काही त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं, मग काचेवर शाई ओतली, रोलर फिरवला आणि सरांचं एकेक बोट धरून नखाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवायला लागला. सरांची बोटं वर्षानुवर्षं ॲसिड आणि साबणात घासलेली, अंगठ्याच्या रेषा जवळजवळ गुळगुळीत. शाई जास्त झाली की नुसता काळा डाग, कमी झाली की काहीच नाही. हवालदार बिचारा मनापासून करत होता, मध्येच स्वतःच्या शर्टाला हात पुसला त्यानं. कार्ड गेलं, आणि काही आठवड्यांनी ठसे वाचता येत नाहीत म्हणून परत आलं. तोवर मेडिकलची मुदत संपली. मेडिकल नवीन काढेपर्यंत शाळेनं विचारलं, सर तुम्ही नक्की येताय ना.

ठसे झाले की अपोस्टिल. १९६१ च्या हेग कराराखाली एक देश आपल्याच कागदावर शिक्का मारतो आणि दुसरा तो मानतो. सोय चांगली आहे, वाद नाही, चीननं नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडानं जानेवारी २०२४ पासून ती लागू केल्यावर लोकांचे वकिलातींचे हेलपाटे बरेच वाचलेत. पण अपोस्टिल सांगतं काय, तर कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे. आतला मजकूर खरा आहे, पुरेसा आहे, माणूस मुलांजवळ ठेवण्यासारखा आहे, ह्यातलं काहीही ते सांगत नाही. आणि व्हिसा ऑफिसात सगळ्यात जास्त वेळ कशावर जातो? शिक्का सरळ आहे का, तारीख सहा महिन्यांच्या आतली आहे का, पासपोर्टवर मधलं नाव आहे आणि सर्टिफिकेटवर नाही ते का. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना विचारा, दोन नावांची दोन सर्टिफिकेटं आणि ह्या दोघी एकच आहेत ह्याचं तिसरं ॲफिडेव्हिट. नुसते कागदी घोडे.

बरं एवढं काटेकोर करून भोकं बुजलीत का? ब्रिटनचा नियम घ्या, जो त्यातल्या त्यात बरा आहे. २०१७ पासून शिक्षकांना कामाच्या व्हिसासाठी गेल्या १० वर्षांत जिथे जिथे १२ महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. आता शाळेचं कॉन्ट्रॅक्ट बऱ्याचदा असतं दहा महिन्यांचं. दर वर्षी देश बदलणारा माणूस, जो खरं तर सगळ्यात आधी डोळ्यांत भरायला हवा, त्याला व्हिसासाठी ह्या मधल्या देशांचं एकही सर्टिफिकेट द्यावं लागत नाही. आणि एकाच देशात आठ वर्षं इमानदारीत राहिलेली बाई त्या देशाच्या पोलिसांना ईमेल करकरून थकते, कारण तिचं तिथलं ओळखपत्र रद्द झालंय आणि ओळखपत्राशिवाय अर्जाची वेबसाइट पुढेच सरकत नाही. शाळांनी ह्यापलीकडे स्वतः चौकशी करावी असं तिथल्या गाइडलाइनमध्ये आहे, पण ते शाळेवर सोडलेलं, व्हिसा देणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि आता येतो त्या जागेवर जिथे सगळे गुळणी धरून बसतात. शाळा.

ह्या धंद्यात ज्यांनी काही काळ काढलाय त्यांना माहितीये कसं होतं ते. एखाद्या मास्तराबद्दल कुजबुज सुरू होते, एक पालक येऊन भेटतात, हेड त्याला केबिनमध्ये बोलावतो, आणि टर्मच्या मध्येच ‘वैयक्तिक कारणांमुळे’ सर निघून जातात. पोलिसांत कोण जाणार, शाळेचं नाव जाईल, ॲडमिशन कमी होतील, पालकांनाही मुलाचं नाव कुठे यायला नको असतं. सरांना उलट बरं रेफरन्स लेटर मिळतं कारण तेवढ्यावर ते गप्प जायला तयार होतात. ब्याद टळली. टळली म्हणजे पुढच्या देशात गेली, आणि तिथे कोरं करकरीत पोलीस सर्टिफिकेट घेऊन गेली, कारण पोलिसांना कुणी काही सांगितलेलंच नाही! एका प्रसिद्ध म्हणवणाऱ्या शाळेच्या हेडला मी एका उमेदवाराबद्दल फोन केला होता. समोरून आधी काहीच नाही, मग एकदम ऑफिसच्या आवाजात, ते अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होते, याहून जास्त मी सांगू शकत नाही. मी विचारलं, परत घ्याल का त्यांना? तर म्हणाले, मी तारखा सांगितल्या तुम्हाला. आम्ही घेतलं नाही. दुसऱ्या कुणी घेतलं असेलच, कागद सगळे अपटुडेट होते त्याचे.

वेहीच्या प्रकरणानंतर इंटरनॅशनल शाळांच्या संघटनांनी २०१४ मध्ये एकत्र येऊन टास्क फोर्स केला, बऱ्याच शाळा आता रेफरन्स जास्त गंभीरपणे घेतात, हे मान्य. ब्रिटननं परदेशात मुलांमध्ये काम करणाऱ्यांसाठी वेगळं चाइल्ड प्रोटेक्शन सर्टिफिकेट ठेवलंय ज्यात नुसत्या शिक्षाच नाही तर पोलिसांकडची महत्त्वाची माहितीही येऊ शकते, ते साध्या दाखल्यापेक्षा कितीतरी कामाचं, पण अनेक देश अजून साधाच दाखला मागतात. अमेरिकेनं २०१६ च्या कायद्यानं मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यात शिक्षा होऊन रजिस्टरवर असलेल्यांच्या पासपोर्टवर तसं छापायला घेतलं, ऑस्ट्रेलियानं २०१७ मध्ये अशांचं परदेशी जाणंच जवळपास बंद केलं. चांगलंय, पण हेही सगळं आधी पकडल्या गेलेल्यांपुरतं.

मला ज्याचा खरा उपयोग वाटतो तो कायदा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१४ मध्ये आला. तिथे शाळेत नोकरी हवी असेल तर तुमच्या आत्ताच्या मालकाला, आणि आधी जिथे जिथे मुलांशी संबंधित काम केलं त्या प्रत्येक ठिकाणाला, नवीन शाळा लेखी विचारते, ह्याच्यावर मुलांशी गैरवर्तनाचा आरोप झाला होता का, चौकशी चालू असताना ह्यानं राजीनामा दिला का. उत्तर द्यावंच लागतं, आणि खरी माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. हाच फॉर्म व्हिसाच्या अर्जात का नाही? शिक्षकाच्या व्हिसाच्या फायलीत आधीच्या प्रत्येक शाळेच्या हेडनं सही केलेलं हे एक पान, शाळेनं थेट पाठवलेलं, उमेदवाराच्या हातून न आलेलं. अपोस्टिल नसलं तरी चालेल मला.

आमचे एचआरवाले म्हणतात असं काही लिहून दिलं तर बदनामीचा खटला होईल, आणि खोट्या आरोपानं एखादा चांगला मास्तर आयुष्यातनं उठेल. दुसरी भीती खरी आहे, मी बघितलंय तेही, चिडलेला पालक काहीही बोलतो. म्हणून तर चौकशी व्हायला पाहिजे, नीट, लेखी, दोन्ही बाजू ऐकून, आणि निष्पन्न काय झालं तेही त्याच पानावर आलं पाहिजे, ‘आरोप झाला, तथ्य आढळलं नाही’ असं स्वच्छ. टर्मच्या मध्ये गुपचूप राजीनामा घेऊन पाठवलेल्या निर्दोष माणसाला तर तेवढंही मिळत नाही, त्याच्यामागे नुसती कुजबुज फिरत राहते. खटल्याची भीती मात्र मला फारशी पटत नाही. खरं लिहिणाऱ्याला संरक्षण द्या म्हणून ह्याच शाळांच्या संघटना सरकारांकडे जाऊ शकतात, व्हिसाची फी कमी करा म्हणून जातातच की.