मांजराचं पिल्लू खेळतं तेव्हा ते खरंच खेळत असतं

‘प्राणी खेळत नाहीत, ती शिकारीची तालीम असते. मजा, आनंद हे आपण त्यांच्यावर लादतो. विज्ञानाने हे कधीच सिद्ध केलंय. तेव्हा पिंजऱ्यातल्या जनावराला वेळेवर खायला-प्यायला दिलं की पुरे.’ या आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो आणि चांगली शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतात. त्यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, बाकीची चूक आहेत, आणि शेवटचं तर क्रूर आहे.

तालमीची कल्पना कार्ल ग्रोस या जर्मन विचारवंताने १८९६ साली मांडली. तेव्हा ती पटण्यासारखीच होती, पण पुढे ती तपासली गेली. टिम कॅरो यांनी १९८० च्या सुमारास मांजराची काही पिल्लं खेळण्यांसह वाढवली, काही खेळण्यांविना. मोठेपणी शिकारीत दोघांत फरक दिसला नाही. लिंडा शार्प यांनी आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात मीरकॅटांवर, म्हणजे मुंगुसाच्या कुळातल्या छोट्या प्राण्यांवर, लक्ष ठेवलं. लहानपणी जास्त लुटुपुटीच्या मारामाऱ्या केलेली पिल्लं पुढे खऱ्या मारामारीत सरस ठरली नाहीत. याचा अर्थ खेळ निरुपयोगी असतो असा नाही. अलास्कात अस्वलांच्या जास्त खेळणाऱ्या पिल्लांचं जगण्याचं प्रमाण जास्त आढळलं. फायदा आहे, पण तो ‘शिकारीचा क्लास’ एवढ्यापुरता नाही.

आणि समजा, फायदा असला, तर मजा नसते हे कुठून आलं? आंबा खाल्ल्याने शरीराला साखर मिळते, म्हणून आपल्याला तो गोड लागत नाही का? एखादी सवय उत्क्रांतीत का टिकली हा एक प्रश्न, आणि ती करताना त्या जिवाला काय वाटतं हा दुसरा. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची सरमिसळ केली आहे.

‘विज्ञानाने सिद्ध केलंय’ म्हणता, तर विज्ञानाने काय पाहिलं ते ऐका. अमेरिकेतले याक पांक्सेप उंदरांना बोटांनी गुदगुल्या करत. उंदीर साधारण ५० किलोहर्ट्झचा चिवचिवाट करत. आपले कान २० च्या वर ऐकत नाहीत, म्हणून तो नुसत्या कानांना ऐकूच येत नाही. गुदगुल्या करणाऱ्या हाताकडे ते स्वतःहून धावत यायचे.

पुढे २०१९ साली बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात मिखाएल ब्रेख्त यांच्या गटाने उंदरांना चक्क लपाछपी शिकवली. खोली तीस चौरस मीटरची, आत लपायला खोकी. डाव उंदरावर असला की त्याला आधी बंद डब्यात ठेवत, माणूस लपे, मग झाकण उघडे. सापडल्याचं बक्षीस खाऊ नव्हे, गुदगुल्या. उंदराची लपायची पाळी आली की तो पारदर्शक खोकं सोडून अपारदर्शक खोक्यात शिरायचा आणि गप्प बसायचा. शोधताना मात्र भरपूर आवाज करायचा. सापडल्यावरही काही वेळा तो पळून पुन्हा लपे, बक्षीस लांबलं तरी! हे माझ्या मते सगळ्यात बोलकं आहे.

अर्धं खरं वाक्य म्हणजे ‘आपण लादतो’. हो, लादतो. घरातला कुत्रा चप्पल फाडून अपराधी तोंड करतो, असं आपण म्हणतो. अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी २००९ साली हे तपासलं, तेव्हा ते तोंड गुन्ह्याशी नव्हे, मालकाच्या रागावण्याशी जुळलं. खाऊ न चोरलेला कुत्राही ओरडा पडला की तसंच करी. पण प्रत्येक दावा असा कसाला लावायचा असतो, आणि खेळ त्या कसाला उतरला आहे. २०२२ साली लंडनमध्ये गुंजमाश्याही (बंबलबी) काही बक्षीस नसताना पुन्हा पुन्हा लाकडी गोळे लोटताना दिसल्या. एकीने तर ११७ वेळा. माशीला आनंद होतो असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तो नसतोच, हेही कुणी म्हणू नये.

राहता राहिला पिंजरा. ब्रेख्त यांच्याच प्रयोगशाळेत उंदराला उंच, उघड्या फळीवर ठेवून गुदगुल्या केल्या, तर त्याचा चिवचिवाट जवळजवळ बंद झाला. भीती वाटली की खेळाची ऊर्मी मावळते, उपासमारीत आणि आजारपणातही मावळते. म्हणूनच प्राण्यांच्या कल्याणाचा अभ्यास करणारे ‘हे जनावर खेळतं का?’ हा प्रश्न वाटी भरलेली आहे का याच्याइतक्याच गांभीर्याने विचारतात. प्राणिसंग्रहालयात किंवा कुणाच्या घरच्या पिंजऱ्यासमोर उभे राहाल तेव्हा तुम्हीही तो विचारा, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर तिथल्या माणसाला कारण विचारा.