खुलासा : खोलीतला गांजा ‘हिरवा’ नाही

‘गांजाचं झाड कार्बन शोषतं, म्हणून बंद खोलीतली लागवडही पर्यावरणपूरक’ असा दावा फिरतोय. तो मुळात उघड्या शेतातल्या, धाग्यासाठीच्या हेम्पबद्दलचा (गांजाच्याच झाडाचा, नशा न देणारा प्रकार). इथे लागू नाही. कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत बंदिस्त लागवडीत किलोभर सुक्या फुलामागे, ठिकाणानुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं.

‘एलईडी लावले की झालं’ हेही खरं नाही. दिवे वीज खातातच, पण ऊर्जेचा मोठा खर्च बाहेरची हवा आत घेऊन ती थंड, गरम, कोरडी करण्याचा. झाडाला घातलेलं बहुतेक पाणी पानांतून वाफ होऊन खोलीतच येतं. ते काढलं नाही तर फुलांवर करडी बुरशी धरते. शिवाय झाडांच्या वाढीसाठी सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो वेगळाच!