लातूर की नांदेड, हा प्रश्नच सोडा

आमच्या घरच्या ग्रुपवर हा वाद दर काही महिन्यांनी पेटतो. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा कधी मराठवाड्याला मिळाल्याच, तर त्या कुठे व्हाव्यात? काका लातूरचे, मामा नांदेडचे, आतेभाऊ संभाजीनगरला. विभागीय आयुक्तालयावरून 2009 मध्ये लातूर आणि नांदेड एकमेकांसमोर उभे ठाकले, त्याचीच ही धाकटी आवृत्ती. माझं म्हणणं मी तिथं मांडलं, आता इथंही मांडतो. स्पर्धा वाटून मागा.

मी जकार्तात राहतो. 2018 ची आशियाई स्पर्धा आधी व्हिएतनामच्या हनोईला मिळाली होती. खर्च झेपणार नाही म्हणून 2014 मध्ये हनोईने माघार घेतली आणि स्पर्धा इंडोनेशियाकडे आली. सगळं राजधानीतच उरकणं सोपं होतं. 1962 च्या आशियाई स्पर्धेसाठी बांधलेलं गेलोरा बुंग कार्नो स्टेडियम इथं उभंच आहे. तरीही नेमबाजी, रोइंग (वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत), टेनिस, महिला फुटबॉल असे बरेच खेळ समुद्रापलीकडे, सुमात्रा बेटावरच्या पालेम्बांगला गेले. कोल्हापूरच्या राही सरनोबतने नेमबाजीतलं सुवर्ण तिथं जिंकलं. चांदवडच्या कोरड्या तालुक्यातून आलेल्या दत्तू भोकनळच्या चमूनेही रोइंगचं सुवर्ण तिथल्याच पाण्यावर मिळवलं.

पालेम्बांग काही एका रात्रीत पुढे आलं नाही. 2004 मध्ये त्याने इंडोनेशियाची राष्ट्रीय स्पर्धा घेतली, 2011 मध्ये आग्नेय आशियाई स्पर्धा जकार्तासोबत भरवली, मग 2018. मुसी नदीपलीकडच्या दलदलीच्या जागेवर जाकाबारिंगचं क्रीडा संकुल असं टप्प्याटप्प्याने वाढत गेलं. माझ्या लेखी खरा धडा इथंच आहे. आपल्याकडे मात्र टप्पे एकाच गावाच्या वाट्याला येतात. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी पुण्यात बालेवाडीचं क्रीडा संकुल उभं राहिलं, 2008 ची राष्ट्रकुल युवा स्पर्धा बालेवाडीलाच झाली, आणि संभाजीनगरला होणार म्हणून गाजलेलं क्रीडा विद्यापीठ शेवटी बालेवाडीलाच गेलं. ते गेल्याची सल अजून आहे, आणि ती असायलाच हवी. पण त्याच वेळी आपण आपसात कुणाचं गाव मोठं यावर भांडत राहिलो, तर मुंबईत बसलेल्यांचं काम आपणच सोपं करतो.

पालेम्बांगचं सगळंच गोड नाही. स्पर्धेसाठी तिथं 23 किलोमीटरची लाइट रेल, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे, बांधली, इंडोनेशियातली पहिली. स्पर्धा संपल्यावर तिला पुरेसे प्रवासी मिळेनात आणि ती अनुदानावर चालवावी लागली. म्हणून मी रेल्वे, उड्डाणपूल, झगमगाट मागत नाही. मैदानं मागतो. स्पर्धा उठल्यावर जवळच्या शाळेतली पोरं ज्यावर रोज धावतील, अशी मैदानं.

आपल्या देशातही हे जमलेलं आहे. 2016 च्या फेब्रुवारीत गुवाहाटी आणि शिलाँगने दक्षिण आशियाई स्पर्धा वाटून घेतली. ॲथलेटिक्स गुवाहाटीला, बॉक्सिंग आणि तिरंदाजी डोंगरावर शिलाँगला. त्याच स्पर्धेत खो-खो पहिल्यांदा आला आणि भारताच्या महिलांनी सुवर्ण जिंकलं. त्या संघाची कर्णधार सारिका काळे, आपल्या धाराशिवची. पुढे 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण आणलं. माणसं आपल्याकडे आहेत हो! त्यांना तयार व्हायला पुण्याला किंवा फौजेत जावं लागतं, याचं मला इथं बसून फार वाईट वाटतं.

तेव्हा काका, मामा, दोघांनाही सांगतो. ॲथलेटिक्स संभाजीनगरला घ्या. कुस्ती लातूरला द्या, पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांच्या जिल्ह्याचा तो हक्कच आहे. खो-खो धाराशिवला. विष्णुपुरी धरणाच्या पाण्यावर रोइंग होऊ शकतं का, हे नांदेडकरांनी जाणकारांना बोलावून आत्ताच तपासून घ्यावं. आणि थेट राष्ट्रीय स्पर्धेवर उडी नको, आधी राज्य पातळीची एक स्पर्धा अशी वाटून नीट पार पाडू. मागणीच्या निवेदनावर लातूर आणि नांदेड, दोन्हीकडच्या आमदारांच्या सह्या एकाच कागदावर हव्यात. तेवढ्या मिळवायचं काम तुम्ही दोघं करा. मसुदा मी लिहायला घेतलाय.