कालची तारीख

रात्री सव्वानऊला माउसने मान टाकली. मला हवं होतं एवढंच, की रोजच्या बॅकअपच्या फाइलला आदल्या दिवसाची तारीख आपोआप लागावी. लिनक्सवर त्यासाठी 'डेट' नावाची कमांड आहे. तिचं मॅन पान, म्हणजे तिच्या माहितीचं पान, उघडलं. मॅन पान म्हणजे कचेरीतला जुना कारकून, मोजकं आणि तुसडं बोलणारा. तारीख कशी लिहायची हे प्रकरण इथे सहज सांगण्यासारखं नाही, इन्फोमध्ये सविस्तर दिलंय, असं त्याने चक्क लेखी दिलं. म्हणजे पलीकडच्या खिडकीवर जा.

इन्फो हा मदत वाचायचा प्रोग्रॅम. सगळा मजकूर, सगळा कारभार कळफलकावर. माउस गेलेल्या माणसाला आणखी काय हवं! पण तो वाचणं म्हणजे जुन्या वाड्यात पाहुणा म्हणून शिरणं. 'एन' दाबलं की शेजारची खोली, 'पी' दाबलं की अलीकडची, 'यू' दाबलं की वरचा मजला. आणि 'एल' म्हणजे आपण जिथून आलो तिथे परत. 'पी' आणि 'एल' यांतला फरक मला अकरा वाजेपर्यंत कळला नव्हता. त्यात स्पेसबार फितूर. पान पुढे सरकवायला म्हणून दाबत राहावं, तर पान संपल्यावर तो गुपचूप पुढच्या प्रकरणात नेऊन सोडतो.

"झोपायचं नाही का?" आतून बायकोचा आवाज.

"वर कसं जायचं तेच सापडत नाहीये."

"इतक्यात कशाला?"

मदतीची मदत घ्यावी म्हणून मोठा 'एच' दाबला. खाली छोटी खिडकी उघडली, त्यात कळांची यादी. वाचून झाली, म्हणून बंद करायला 'क्यू' दाबलं. खिडकी बंद झाली, आणि तिच्याबरोबर अख्खं इन्फोही. 'क्यू' म्हणजे सगळंच बंद, असं त्या यादीतच लिहिलं होतं म्हणे.

मग मी सुधारणा करायला घेतली. माझी बोटं व्हीआय या एडिटरवर वाढलेली. त्यात खाली जायला 'जे', वर जायला 'के'. बिल जॉयने तो १९७६ साली लिहायला घेतला, तेव्हा त्याच्या टर्मिनलच्या एच-जे-के-एल या कळांवरच बाण छापलेले होते. त्या बाणांचं ऋण आम्ही अजून फेडतोय. इन्फोला 'व्हीआय-कीज' असा पर्याय देता येतो हे कळल्यावर मला गहिवरून आलं. तो दिला. आता 'जे' आणि 'के' शहाण्यासारखे वागायला लागले, पण आत्ताच कुठे पाठ झालेल्या बाकीच्या कळांवर माझा भरवसा उरला नाही. घर रंगवून घ्यावं आणि मग स्वतःचाच चष्मा सापडू नये, तसं झालं.

पावणेबाराला तर एकही कळ चालेना. 'एन' दाबलं, काही नाही. 'क्यू' दाबलं, टर्मिनलने नुसतं 'टूं' केलं. संगणक गेला, असं धरून मी घाम पुसला. मग कोपऱ्यात बघितलं, तर कळफलक मराठीवर! मघाशी मेव्हण्याला निरोप टाइप केला होता, तो तसाच राहिलेला. इन्स्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत 'एन'च्या जागी ल असतो आणि 'क्यू'च्या जागी औकाराची मात्रा. म्हणजे बराच वेळ मी त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला नुसते औकार देत होतो, तेही व्यंजनाशिवाय.

शेवटी टॅबने दुव्यादुव्यांवर उड्या मारत 'सापेक्ष तारखा' हे पान गाठलं. तिथे एक मासलेवाईक इशारा होता: ३१ जुलै २००३ मधून एक महिना वजा केलात तर उत्तर १ जुलै येऊ शकतं, कारण ३१ जून नावाचा दिवसच नाही. आणि त्याच पानावर माझा शब्द, 'यस्टरडे'. एवढाच. वजाबाकी नाही की कंस नाहीत.

कमांड दिली, एंटर मारलं. उत्तर क्षणात आलं: चौदा तारीख.

मी घड्याळाकडे बघितलं. बारा वाजून वीस मिनिटं. मी बसलो होतो तेव्हा चौदाच होती.