लोकल कंट्रोल कायमचा बंद ठेवू नका

‘नवीन सिंथ घेतल्यावर आधी या पाच मिडी सेटिंग करा’ असा एक मेसेज सध्या वाजवणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. (सिंथ म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य; मिडी म्हणजे वाद्यं आणि कंप्युटर यांनी एकमेकांना वाजवण्याचे संदेश पाठवायची पद्धत.) लोकल कंट्रोल कायम ऑफ, चॅनल ओम्नी (सगळ्या चॅनलवरचे संदेश घ्यायचे), क्लॉक एक्स्टर्नल (ताल बाहेरच्या यंत्राकडून घ्यायचा), पाच पिनांचं जुनं मिडी सोडून फक्त यूएसबी, आणि केबल घ्यायचीच तर सोन्याचा मुलामा असलेली. तळाशी एक ओळ: ‘काही अडलं तर फॅक्टरी रीसेट करा.’ माझ्या भाचीने हे सगळं मन लावून केलं. सिंथ मुका झाला. मग तिने ती तळाची ओळही पाळली आणि तिने स्वतः बनवलेले सगळे पॅच, म्हणजे साठवलेले आवाज, पुसले गेले. हा मेसेज आणखी कुणाकडे पोचण्याआधी त्याला उत्तर द्यायला हवं.

‘लोकल ऑफ केलं की आवाज स्वच्छ होतो आणि लेटन्सी जाते.’ साफ खोटं. (लेटन्सी म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर.) सिंथमध्ये पट्ट्या वेगळ्या आणि आवाज तयार करणारा भाग वेगळा. लोकल कंट्रोल ही त्या दोघांमधली आतली जोडणी. ती तोडली की पट्टी दाबल्याचा संदेश फक्त मिडी आउटमधून बाहेर जातो आणि आवाजाचा भाग मिडी इनवर काही आलं तरच वाजतो. मिडी १.० च्या स्पेसिफिकेशनमध्ये हा कंट्रोलर क्रमांक १२२ आहे, ० म्हणजे ऑफ आणि १२७ म्हणजे ऑन. मिडी असोसिएशनच्या संकेतस्थळावर ते वाचायला मिळतं. आवाजाच्या दर्जाशी या कंट्रोलरचा काही संबंध नाही. आणि लेटन्सी? लोकल ऑफ असताना तुमचा सूर आधी कंप्युटरकडे जातो, तिथून परत येतो आणि मग वाजतो. वेळ वाढतो, कमी कसा होईल?

यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आलेला सूर परत सिंथकडे पाठवत असेल आणि लोकलही ऑन असेल, तर एक पट्टी दोनदा वाजते. आवाज पोकळ, फिरल्यासारखा येतो. सहा व्हॉइसच्या, म्हणजे एका वेळी सहाच सूर वाजवू शकणाऱ्या, सिंथवर तीन सुरांची कॉर्ड धरली की बऱ्याचदा सहाही व्हॉइस खर्ची पडतात आणि चौथा सूर आधीचा एखादा तोडतो. अशा वेळी लोकल ऑफ करायचं, नाहीतर सॉफ्टवेअरमधलं परत पाठवणं बंद करायचं. काम झालं की पुन्हा ऑन. काही सिंथ हे सेटिंग बंद करून चालू केल्यावरही लक्षात ठेवतात, म्हणून कंप्युटर काढून ठेवला की पट्ट्या मुक्या राहतात आणि माणूस घाबरतो.

आणि घाबरलेल्या माणसाला हा मेसेज रीसेट करायला सांगतो! याचा मला खरा राग आहे. पट्ट्या वाजत नसतील तर ग्लोबल, सिस्टिम किंवा युटिलिटी मेनूत जाऊन लोकल ऑन करा, एवढंच. बऱ्याच सिंथवर फॅक्टरी रीसेट म्हणजे फक्त सेटिंग नव्हे, तुमची पॅच मेमरीही कारखान्यातल्यासारखी होते. रीसेट करावंच लागलं तर आधी सिसेक्स डंप, म्हणजे पॅचची मिडीवरून काढलेली प्रत, घेऊन ठेवा. यामाहा डीएक्स७ च्या ३२ आवाजांचा डंप ४,१०४ बाइटचा असतो. मिडीच्या वेगाने तो पाठवायला दीड सेकंदही लागत नाही. तेवढ्यासाठी महिनोन्‌महिने घडवलेले आवाज का गमवायचे?

ओम्नीचं थोडक्यात: एकच वाद्य असेल तर चालून जातं. दुसरं जोडलं की ड्रमचा ट्रॅकही तुमच्या पियानोच्या आवाजात वाजायला लागतो. १६ चॅनल त्यासाठीच दिलेत. क्लॉक एक्स्टर्नल ठेवला आणि बाहेरून क्लॉक येतच नसेल, तर बऱ्याच सिंथवर आर्पेजिएटर (धरलेल्या कॉर्डचे सूर एकेक करून वाजवणारा भाग) जागचा हलत नाही. बाहेरचं यंत्र एका मात्रेला २४ टिक पाठवत असेल तरच तो ठेवा.

‘पाच पिनांचं मिडी हळू आहे’ हे आकड्यांत खरं आहे. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक नोट ऑन (पट्टी दाबल्याचा संदेश) जायला साधारण एक मिलिसेकंद. एकाच केबलवरून अनेक ट्रॅक, नॉबची हालचाल आणि क्लॉक असं सगळं कोंबलं तर उशीर जाणवू शकतो. पण एका माणसाच्या वाजवण्याला ते पुरतं. शिवाय पाच पिनांच्या मिडी इनमध्ये ऑप्टोकपलर (संदेश प्रकाशाने पुढे देणारा भाग) असतो, त्यामुळे दोन यंत्रं विजेच्या दृष्टीने वेगळी राहतात. यूएसबीत सहसा तसं नसतं. कंप्युटर जोडल्याबरोबर स्पीकरमधून गुणगुण किंवा चरचर येते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

राहिली सोन्याच्या मुलाम्याची केबल. मिडीच्या केबलमधून आवाज जातच नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, असे संदेशच जातात. १५ मीटरच्या आतली, नीट झाळलेली साधी केबल घ्या.